घरातली वीज 'स्वच्छ' आहे का, हे ऑडिओसाठी कसं तपासायचं?

स्वरलगाव

नमस्कार मंडळी,

सिस्टीम साधीच आहे. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (आत टोरॉइडल, म्हणजे कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर), वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारा डबा), रेकॉर्ड प्लेयर आणि बुकशेल्फ स्पीकर. बरेचदा संध्याकाळी अ‍ॅम्पच्या पोटातून घुंऽऽ असा आवाज येतो. स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. दुपारी तो नसतो. रेकॉर्ड प्लेयरचं इनपुट निवडलं की मात्र स्पीकरमधून बारीक हम येतो, तो दिवसरात्र सारखाच. शिवाय फ्रिज बंद होताना स्पीकरमध्ये 'टक्' होतं.

ज्याला विचारावं तो म्हणतो, 'तुमची लाइन डर्टी आहे, पॉवर कंडिशनर (वीज गाळून देणारा डबा) घ्या.' असेलही डर्टी. पण घेण्याआधी मोजून बघायचं आहे. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, ऑसिलोस्कोप नाही. नेमकं काय मोजू आणि किती आलं म्हणजे वाईट समजू? आणि या सगळ्याचं मूळ एकच असेल का?

खुर्चीवाला

पहिला! आता महागड्या केबलवाले येतील. मी पुढची जागा धरून बसलोय.

जुना_वायरमन

ऑडिओ राहू दे बाजूला, आधी सॉकेट बघा. त्याच सॉकेटवर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत. तिसरं एखाद-दोन व्होल्ट असेल तर काळजी नको, लोड वाढला की ते थोडं वाढणारच. दहा-वीसच्या वर गेलं तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा अर्थ मध्येच कुठेतरी तुटलाय. आणि मोठा लोड चालू असूनही ते ठार शून्यच राहत असेल तर खूश होऊ नका. सॉकेटच्या मागेच कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून 'अर्थिंग करून दिलं' असण्याची शक्यता असते. असली कामं मी पुष्कळ उघडली आहेत.

मग लोडची चाचणी. सॉकेट मोकळा असताना व्होल्टेज लिहून ठेवा. त्याच सर्किटवर हीटर किंवा इस्त्री लावा आणि पुन्हा बघा. तीन टक्क्यांपर्यंत पडलं तर ठीक. पाचच्या पुढे गेलं तर वायर पातळ आहे किंवा कुठलातरी जोड तापतोय, आणि तापणारा जोड हा गाण्याचा नाही, आगीचा प्रश्न आहे. घराला एकापेक्षा जास्त फेज असतील आणि एका खोलीत लोड लावल्यावर दुसऱ्या खोलीतला दिवा *जास्त* उजळत असेल, तर न्यूट्रल सुटत चाललंय. तिथे थांबा, मेन बंद करा, माणूस बोलवा.

मीटरवर आणि त्याच्या प्रोब्जवर 'कॅट टू' किंवा 'कॅट थ्री' (सुरक्षेची श्रेणी) लिहिलेलं असू दे. सॉकेटवर मोजायचा सराव नसेल तर हे सगळं वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

वाचकमात्र

काका, तीन दिव्यांचा तो सॉकेट टेस्टर मिळतो तो चालेल का? मल्टिमीटरची भीती वाटते.

जुना_वायरमन

उलटी जोडणी किंवा तुटलेला अर्थ पकडायला चालेल. पण न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल त्याला कळत नाही, आणि अर्थ लागलेला आहे एवढंच तो सांगतो, किती भक्कम आहे ते नाही. हिरवा दिवा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

मोजपट्टी

आकडे मी देतो.

२३० व्होल्टच्या देशांत आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या हिशोबाने ±१० टक्के चालतं, म्हणजे २०७ ते २५३. १२० व्होल्टच्या उत्तर अमेरिकेत घराला मिळणारा पुरवठा साधारण ±५ टक्के, ११४ ते १२६. वेव्हफॉर्मच्या विकृतीसाठी युरोपच्या ईएन ५०१६० या मानकात एकूण हार्मोनिकची (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरींची) मर्यादा ८ टक्के आहे, तीही आठवड्यातल्या ९५ टक्के वेळेपुरती आणि दहा-दहा मिनिटांच्या सरासरीवर. म्हणजे कागदोपत्री 'उत्तम' पुरवठ्यातही सणसणीत विकृती असू शकते.

आता व्होल्टेज कमी म्हणून 'आवाज बसतो' या तक्रारीबद्दल. साध्या क्लास एबी अ‍ॅम्पची जास्तीत जास्त पॉवर पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज १० टक्के पडलं तर पॉवर १९ टक्के पडते. ऐकायला भयंकर वाटतं, पण डेसिबलमध्ये ते ०.९ आहे, आणि तेही अ‍ॅम्प पार टोकाला नेल्यावरच. नेहमीच्या आवाजात काहीच फरक नाही. डॅक किंवा क्लास डी अ‍ॅम्प स्विचिंग सप्लायवर असेल आणि मागे '१००-२४०' लिहिलेलं असेल, तर त्याला या चढउताराची फिकीरच नसते.

एक बारकावा मात्र आहे. अ‍ॅम्पमधले मोठे कपॅसिटर आरएमएसवर (मीटर दाखवतो त्या परिणामी मूल्यावर) नाही, शिखरावर चार्ज होतात. शुद्ध २३० चं शिखर ३२५ व्होल्ट. संध्याकाळी सगळ्यांचे टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे त्या शिखरावरच करंट ओढतात आणि वेव्हचा माथा वस्तऱ्याने कापल्यासारखा सपाट होतो. मीटर २३० दाखवेल, पण शिखर ३२५ ला पोचलेलं नसेल.

सोनेरीकान

आकडे वाचून छान वाटलं. आता अनुभव सांगतो. माझ्याकडे कंडिशनर आणि चांगली पॉवर कॉर्ड आल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडला. पार्श्वभूमी काळीभोर, गायकाचा श्वास ऐकू येतो. सगळंच मीटरवर येत नाही हो.

खुर्चीवाला

आले!!

मोजपट्टी

सोनेरीकान, तुमचं ऐकणं मी खोटं ठरवत नाही. पण हे नक्कीच मीटरवर येतं. अ‍ॅम्पच्या आउटपुटची पार्श्वभूमी 'काळी' झाली असेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या रेषा खाली गेलेल्या दिसल्या पाहिजेत. डॅकचं लाइन आउट एका बऱ्या साऊंड कार्डात रेकॉर्ड करा, एकदा कंडिशनरसह आणि एकदा थेट भिंतीतून. दोन्हींचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे तो आलेख) एकावर एक ठेवा. रेषा हलल्या तर मी जाहीर कबूल करेन. आणि दुसऱ्या कुणाला तरी प्लग बदलायला लावून, तुम्हाला न सांगता ऐकून बघा.

सोनेरीकान

बघतो. पण माझी बायकोसुद्धा म्हणाली होती फरक आहे, आणि तिला तर यात काडीचाही रस नाही.

खुर्चीवाला

वहिनींनी फरक आहे म्हटलं म्हणजे विषय संपवायचा होता, हे आम्हा विवाहितांना विचारा.

गाभा_आणि_गुंडाळी

धागाकर्ते, तुमच्या तक्रारी एका गठ्ठ्यात बांधू नका. तिन्ही वेगळ्या वाटतात. मी फक्त पहिलीबद्दल बोलते, कारण ट्रान्सफॉर्मर हा माझा रोजचा विषय आहे.

डब्यातून येणारा घुंकार लाउडस्पीकरचा नाही, गाभ्याच्या कंपनाचा आहे. प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो १०० हर्ट्झला आणि ६० च्या पुरवठ्यावर १२० ला ऐकू येतो. टोरॉइडमध्ये हवेची फट नसते, त्यामुळे तो कार्यक्षम असतो आणि नाजूकही. पुरवठ्यावर काहीशे मिलिव्होल्ट डीसी चढला तरी गाभा एका बाजूला संपृक्त (चुंबकत्वाने काठोकाठ भरलेला) व्हायला लागतो आणि गुरगुरतो. ईआय गाभ्याच्या (E आणि I आकाराच्या पत्र्यांच्या) जुन्या ट्रान्सफॉर्मरला तेवढं जाणवत नाही.

घरात डीसी येतो कुठून? अर्ध्या वेव्हवर चालणाऱ्या वस्तूंमुळे. काही हेअर ड्रायरमध्ये 'कमी' गरमीला सरळ एक डायोड टाकलेला असतो, काही हीट गन आणि डिमरही तसेच. ती वस्तू शेजाऱ्याची असली तरी एकाच फेजवर असेल तर तुमचा अ‍ॅम्प गुरगुरेल. सोपी चाचणी: दुपारी, घुंकार नसताना, ड्रायर अर्ध्यावर लावा आणि डब्याला कान द्या.

डीसी मोजायचा मोह होईल. २३० व्होल्ट एसीवर बसलेला अर्धा व्होल्ट डीसी साध्या मल्टिमीटरच्या डीसी रेंजवर धड दिसत नाही, आकडा नाचत राहतो. त्यासाठी आधी फिल्टर बांधावा लागतो आणि तो थेट मेन लाइनवर. ड्रायरची चाचणी पुरेशी बोलकी असताना मी तरी त्या फंदात पडणार नाही.

जाता जाता: अ‍ॅम्प उघडून ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट घट्ट करायला गेलात, तर त्याचं वरचं टोक धातूच्या झाकणाला टेकणार नाही याची खात्री करा. दोन्ही टोकं डब्याला लागली की गाभ्याभोवती एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. पुढे काय होतं ते फ्यूज सांगतो.

नवाकोरा_००७

हम घालवायचा सोपा उपाय सांगतो. प्लगची तिसरी पिन काढा. माझा एका झटक्यात गेला.

जुना_वायरमन

झटका शब्द बरोबर वापरलात. आज फक्त हम गेलाय. उद्या आतलं इन्सुलेशन फुटून फेज डब्याला लागला, तर डबा जिवंत होईल. अर्थ असता तर फ्यूज उडाला असता किंवा ब्रेकर पडला असता. अर्थ नसला की तो तुमच्या हाताची वाट बघत बसतो, किंवा इंटरकनेक्टच्या शील्डवरून दुसऱ्या डब्यात शिरतो. पिन आजच्या आज परत लावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गळता करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या.

मोजपट्टी

+१. हम अर्थ-लूपमुळे (खोक्यांचे अर्थ दोन वाटांनी जोडले जाऊन झालेल्या वेढ्यामुळे) असेल तर लूप सिग्नलच्या बाजूने तोडायचा असतो. सगळी खोकी एकाच पट्टीवर लावा. टीव्हीची कोएक्स केबल जोडलेली असेल तर ती काढून बघा, पुष्कळदा चोर तिथेच सापडतो आणि मग केबलवर आयसोलेटर लावून भागतं. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा, काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून हम जात नाही. नाहीच जमलं तर लाइनवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

वाचकमात्र

थोडं अवांतर. माझ्या लॅपटॉपच्या धातूला हात फिरवला की झिणझिण लागते. मीटरवर अर्थच्या तुलनेत शंभराच्या वर व्होल्ट दिसले. घाबरून बंद करून ठेवलाय.

गाभा_आणि_गुंडाळी

दोन पिनांचा अडॅप्टर असेल. त्यात फेज आणि न्यूट्रलपासून आउटपुटच्या बाजूला छोटे सुरक्षा-कपॅसिटर जोडलेले असतात, म्हणून डबा साधारण अर्ध्या मेन व्होल्टेजवर तरंगतो. करंट अतिशय थोडा असतो. मीटरचा इनपुट रोध प्रचंड असल्यामुळे त्याला व्होल्टेज दिसतं, 'लो-झेड' (कमी रोधाचा) मोड असेल तर तो आकडा लगेच कोसळेल. अडॅप्टर धड कंपनीचा असेल तर घाबरायचं कारण नाही. पण हाच करंट डॅकच्या यूएसबीतून अ‍ॅम्पकडे जातो आणि कधीकधी बारीक चिरचिर देतो. लॅपटॉप बॅटरीवर टाकून बघा, चिरचिर गेली तर उत्तर मिळालं.

सुईखाली

रेकॉर्डवाल्यांच्या बाजूने बोलतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) साधारण ५ मिलिव्होल्ट देतं, मूव्हिंग कॉइल तर अर्ध्याहून कमी मिलिव्होल्ट. फोनो स्टेज (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) ते ४० ते ६० डेसिबल वाढवते. एवढ्या वाढीपुढे जवळचा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर म्हणजे प्रक्षेपण केंद्र. बाकी इनपुटवर हम नाही आणि फक्त फोनोवर आहे, म्हणजे विजेला दोष देण्याआधी जागा बघा. प्लेयर अ‍ॅम्पच्या शेजारी किंवा डोक्यावर ठेवलाय का? आवाज चालू ठेवून, सुई उचललेली असताना प्लेयर हाताने लांब न्या, थोडा फिरवा. हम कमीजास्त झाला तर ते चुंबकीय क्षेत्र आहे, कंडिशनर काहीच करणार नाही. टोनआर्मची पातळ अर्थ वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला नीट लागलीय का तेही बघा.

स्वरलगाव

सगळ्यांचे आभार. काही मापं घेतली.

फेज-न्यूट्रल दुपारी २३६, संध्याकाळी २३१. न्यूट्रल-अर्थ ०.८ व्होल्ट, हीटर लावल्यावर १.९. हीटरने व्होल्टेज २३१ वरून २२६ ला आलं. फोनवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप टाकून डब्याजवळ धरलं, तर १०० हर्ट्झला उंच सुळका. फोनोच्या हमला स्पीकरजवळ ५० आणि १५० दिसतात.

जुना_वायरमन

सुमारे दोन टक्के ड्रॉप. वायरिंगला हात लावायची गरज नाही.

खुर्चीवाला

वायरिंग निर्दोष सुटलं. पुढचा आरोपी हजर करा.

मोजपट्टी

५० आणि १५० म्हणजे चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ-लूप. रेक्टिफायरनंतरची (एसीचा डीसी केल्यानंतरची) गडबड असती, म्हणजे फिल्टरचे कपॅसिटर वाळलेले असते, तर १०० आणि त्याच्या पटीतली खरखरीत गुरगुर दिसली असती. सुईखाली म्हणतात ते आधी करून बघा.

वेव्हचा माथा सपाट आहे का ते पाहायचं असेल तर ऑसिलोस्कोपशिवाय एक युक्ती आहे. ९ व्होल्ट *एसी* आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर घ्या, डीसीचा नको. आउटपुटला १० किलोओहम आणि ४७० ओहमचा डिव्हायडर लावा, ४७० वरचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास येईल, ते बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या लाइन इनमध्ये द्या. वेव्ह आणि तिचे हार्मोनिक घरबसल्या दिसतात. मर्यादाही ऐका: ट्रान्सफॉर्मर स्वतः थोडा तिसरा हार्मोनिक मिसळतो, वरच्या फ्रिक्वेन्सीची खरखर गाळतो आणि डीसी तर पलीकडे जाऊच देत नाही. म्हणून यातून ढोबळ अंदाज घ्यायचा, दशांश नाही.

आणि हे वाचून कुणी खरा ऑसिलोस्कोप थेट सॉकेटला लावू नका. त्याच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थलाच जोडलेली असते. ती फेजवर लागली की भडका. त्यासाठी डिफरन्शियल प्रोब असतो.

बॅटरीबॅकअप

माझ्याकडे लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावला की तो किंचाळतो. हीच भानगड का?

गाभा_आणि_गुंडाळी

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल. त्या कडेकडेच्या पायऱ्यांमध्ये हार्मोनिक ठासून भरलेले असतात आणि गाभा ते गाऊन दाखवतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्रास राहत नाही. ऑनलाइन यूपीएस तर सतत नवी वेव्ह बनवून देतो, पण त्याचा पंखा गाण्याच्या खोलीत ठेववत नाही.

वाचकमात्र

आणि सर्ज प्रोटेक्टर पट्टीने आवाज सुधारतो का?

जुना_वायरमन

नाही. ती सिस्टीम वाचवायला असते. आतला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) प्रत्येक मोठा झटका खाताना थोडा झिजतो, म्हणून पट्टीवरचा 'प्रोटेक्टेड' दिवा विझला की पट्टी बदला.

सुईखाली

फ्रिजच्या 'टक्'बद्दल कुणीच बोललं नाही. थर्मोस्टॅटचे संपर्क उघडताना ठिणगी पडते, तिचा पसारा रेडिओ फ्रिक्वेन्सीपर्यंत असतो. ती वायरिंगमधूनही येते आणि हवेतूनही, लांब इंटरकनेक्ट अँटेना बनतात. बॅटरीवरचा जुना मीडियम वेव्ह रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मध्ये ट्यून करा आणि घरभर फिरा. कुठला चार्जर, कुठला एलईडी दिवा, कुठला डिमर ओकतोय ते त्याच्याइतकं स्वस्तात काहीच सांगत नाही. फ्रिजजवळही तोच टक् ऐकू येईल.

स्वरलगाव

प्लेयर अ‍ॅम्पपासून हातभर लांब दुसऱ्या फळीवर हलवला. फोनोचा हम जवळजवळ गेला. आता आवाजाची कळ पार वर नेली तरच जाणवतो.

ड्रायरची चाचणीही केली. अर्ध्या गरमीला अ‍ॅम्प अगदी संध्याकाळसारखा घुमला, पूर्ण गरमीला गप्प. आता संध्याकाळी इमारतीत कोण काय लावतं ते मी दारोदार विचारणार नाही.

सोनेरीकान

माझ्या कंडिशनरमध्ये डीसी ब्लॉकर आहे असं माहितीपुस्तिकेत दिसतंय. म्हणजे बाकी काही नाही तरी ते तुमच्या कामाचं आहे!

मोजपट्टी

हे मान्य. डीसी ब्लॉकर हा खऱ्या आजारावरचा खरा उपाय आहे. पण तेवढंच हवं असेल तर सुटा ब्लॉकर मिळतो, त्यासाठी अख्खा कंडिशनर लागत नाही. तुमचं स्पेक्ट्रमचं रेकॉर्डिंग मात्र अजून येणं बाकी आहे.

गाभा_आणि_गुंडाळी

तयार, डब्यात बंद केलेलाच घ्या. आत फेजच्या मार्गात उलटसुलट जोडलेले कपॅसिटर आणि त्यांना समांतर डायोड असतात. अ‍ॅम्प चालू होतानाचा मोठा करंट त्या डायोडमधून जातो, म्हणून ब्लॉकरची अँपिअर क्षमता अ‍ॅम्पच्या फ्यूजपेक्षा बरीच जास्त हवी. अर्थची वायर मात्र ब्लॉकरच्या आरपार सलग गेलेली असली पाहिजे, ती कुठेही तोडायची नाही.

जुना_वायरमन

शेवटचं वाक्य नवाकोरा_००७ यांनी वाचावं.

नवाकोरा_००७

पिन लावली हो काका. हम परत आला. टीव्हीची केबल काढली, गेला. आयसोलेटर मागवलाय.

स्वरलगाव

ब्लॉकर बघतो. फ्रिजच्या टक्साठी फ्रिजवाल्या तंत्रज्ञाला थर्मोस्टॅटवर स्नबर (ठिणगी दाबणारं छोटं सर्किट) बसवता येईल का विचारलं, तो म्हणाला फ्रिज तर छान चालतोय. त्याला समजावायचं कसं?

सुईखाली

समजावू नका. इंटरकनेक्ट आखूड करा, त्यांच्या टोकाला क्लिपचे फेराइट (रेडिओची खरखर अडवणारे तुकडे) लावा आणि फ्रिज दुसऱ्या सर्किटवर नेता येतो का बघा. स्नबर बसवायचाच असेल तर त्यातला कपॅसिटर एक्स२ (मेन लाइनवर लावायच्या सुरक्षित) प्रकारचाच हवा, आणि फ्रिजचं मागचं झाकण तुम्ही स्वतः उघडायचं नाही.